काळी तार, चकचकीत तार: निटिनॉलच्या पृष्ठभागाची पार्श्वभूमी

निटिनॉल हा एक मिश्रधातू, त्याची तार शरीरात बसवायच्या उपकरणांत वापरतात. त्यात वजनाने सुमारे ५५ टक्के निकेल असतं आणि उरलेलं टायटॅनियम. अनेकांना निकेलची ॲलर्जी असते, म्हणून ही तार शरीरात ठेवायची तर निकेल आतच राहिलं पाहिजे.

विल्यम ब्यूलर यांनी १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या मेरिलँडमधल्या प्रयोगशाळेत हा मिश्रधातू हाताळला तो क्षेपणास्त्रासाठी. वाकवलेली पट्टी तापवली की मूळ आकारात येते, हे पुढे कळलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे दंतवैद्य जॉर्ज अँड्रियासन यांनी या धातूची तार दात सरळ करायला वापरली. दातांवरची तार काही महिन्यांनी बदलता येते. १९९० मध्ये मॉरिस सायमन यांच्या रक्ताच्या गुठळ्या अडवणाऱ्या फिल्टरला अमेरिकेत मंजुरी मिळाली, पाठोपाठ रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या, म्हणजे स्टेंट, आले आणि तार वर्षानुवर्षं खाऱ्या, कोमट रक्तात राहू लागली.

खरा पेच इथून सुरू झाला. तारेला आकार द्यायला ती साधारण ५०० अंश सेल्सिअसला तापवतात. हवेतला ऑक्सिजन टायटॅनियमला ओढून घेतो, वर निळसर-काळा थर चढतो आणि त्याच्याखाली निकेल साठतं. जाड थर म्हणजे भक्कम कवच, असं वाटणं साहजिक होतं. पण हा थर काचेसारखा ठिसूळ असतो आणि तार मात्र लवचीक. स्टेंट दुमडून कॅथेटरमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळीत, भरला की थराला भेगा जातात आणि रक्त थेट त्या निकेलपर्यंत पोहोचतं. शरीरातून परत काढलेल्या काही उपकरणांच्या तारांवर गंजाचे खड्डे दिसल्याचं २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालं.

यावरचा उपाय म्हणजे इलेक्ट्रोपॉलिशिंग. तार आम्लाच्या द्रावात ॲनोड, म्हणजे विजेचं धन टोक, म्हणून जोडतात, काळा थर आणि त्याखालचं निकेल विरघळून जातं, आणि उघड्या धातूवर टायटॅनियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा सलग थर आपोआप धरतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच: पातळ थर जाड थराला भारी पडला.

तार गंजाला किती टिकते हे मोजायची, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ२१२९ ही चाचणी याच काळात प्रमाणित झाली. तयार उपकरण ३७ अंशांच्या खाऱ्या द्रावात ठेवून विद्युतदाब हळूहळू वाढवतात आणि खड्डे कोणत्या दाबाला पडू लागतात ते पाहतात. चाचणी तयार उपकरणाचीच हवी, नुसत्या तारेची पुरत नाही. विणलेल्या स्टेंटमध्ये तारा एकमेकींवर घासतात आणि तो पातळ थर तिथेच खरवडला जातो. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने निटिनॉलच्या उपकरणांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गंज आणि निकेलचं झिरपणं या दोन्हींची तपासणी आहे.