एकाच वायफायवर, तरी अबोला

लग्नसराई संपली की घरातल्या 'कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या' माणसाला हमखास एक प्रश्न येतो. "आयफोन त्याच वायफायवर, टीव्हीमागचं क्रोमकास्टही त्याच वायफायवर, मग फोनवरचं टीव्हीवर का दिसत नाही?" (क्रोमकास्ट म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय खोबणीत खोचायचं गूगलचं छोटं उपकरण.) बहुतेक जण "ॲपलचं असंच असतं" म्हणून सुटका करून घेतात. पण प्रश्न चोख आहे, आणि त्याच आयफोनवर यूट्यूब उघडलं की तो आणखी चोख होतो. वरच्या कास्टच्या चिन्हावर बोट ठेवा, गाणं त्याच क्रोमकास्टवर बिनबोभाट सुरू होतं. म्हणजे लहरी पोचतायत, राउटर ठणठणीत आहे, क्रोमकास्टलाही व्हिडिओ दाखवता येतोय. तरी फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणारं 'स्क्रीन मिररिंग' दाबलं की फोन नुसता शोधत बसतो.

यूट्यूब चालतं, कारण त्या वेळी फोन व्हिडिओ पाठवतच नाही. तो फक्त निरोप देतो, की अमुक व्हिडिओ अमुक सेकंदापासून लाव. क्रोमकास्टच्या पोटात एक आटोपशीर ब्राउझर असतो. तो यूट्यूबचं टीव्हीसाठी लिहिलेलं पान उघडतो आणि व्हिडिओ इंटरनेटवरून स्वतःच ओढून घेतो. फोन उरतो रिमोटपुरता. त्याची स्क्रीन बंद करून खिशात टाकला तरी गाणं थांबत नाही. मिररिंगमध्ये सगळं ओझं फोनवर येतं. पडद्यावर जे उमटेल ते सेकंदाला तीस-साठ वेळा टिपायचं, आकसवायचं आणि लगोलग रवाना करायचं. दोन्ही प्रकारांना आपण 'कास्ट करणं' म्हणतो, म्हणून घोळ होतो.

जाता जाता एका घरगुती समजुतीचाही निकाल लावतो. चित्र अडखळलं की लोक फोन घेऊन टीव्हीला चिकटून उभे राहतात. क्रोमकास्टच्या बाबतीत मिररिंगचा डेटा फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे जातो. राउटर बेडरूममध्ये असेल, तर हॉलमधल्या टीव्हीपाशी जाऊन तुम्ही उलट लांबच गेलात. शिवाय फोन आणि क्रोमकास्ट वायफायच्या एकाच चॅनेलवर असतील तर तेच चित्र हवेतून दोनदा जातं. पहिल्या पिढीचं क्रोमकास्ट तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालायचं, जिथे अख्ख्या सोसायटीचे राउटर आधीच दाटीवाटीने बसलेले असतात.

मिररिंगची भाषा एकच असती तर हा लेख लिहावा लागला नसता. ॲपलने २०११ साली आयओएस ५बरोबर एअरप्ले मिररिंग आणलं. २०१२ साली वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने मिराकास्ट हे सगळ्यांसाठीचं प्रमाण आणलं. त्यात राउटर लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात (तिथे मात्र जवळ जाण्याला अर्थ आहे). २०१३च्या जुलैत गूगलचं ३५ डॉलरचं क्रोमकास्ट आलं, भारतात ते २०१४च्या डिसेंबरात पोचलं, आणि त्याची भाषा तिसरीच निघाली. पुढे २०१५च्या अँड्रॉइड ६मधून गूगलने मिराकास्ट काढूनच टाकलं. म्हणून मिराकास्ट स्वतःहून ठेवणाऱ्या सॅमसंगचा फोन मिराकास्टवाल्या टीव्हीवर दिसतो, पण खुद्द गूगलचा पिक्सेल दिसत नाही. यात विज्ञानाची अडचण मला तरी कुठे दिसत नाही, ही दुकानदारी आहे. कारण एअरप्ले आणि मिराकास्ट या दोन्ही भाषांमधून जाणारा माल एकच असतो, एच.२६४ पद्धतीने आकसलेला व्हिडिओ. तो उलगडायला क्रोमकास्टही समर्थ आहे.

मग अडतं कुठे? पहिल्याच हाकेला. फोन घरच्या नेटवर्कवर २२४.०.०.२५१ या पत्त्यावर हाळी देतो. हा पत्ता कुणा एकाचा नाही. त्यावर कान लावून बसलेल्या सगळ्या उपकरणांना तो निरोप पोचतो. आयफोनचं मिररिंग विचारतं, "एअरप्लेवालं कोण आहे?" क्रोमकास्ट फक्त 'गूगलकास्ट' या नावाला ओ देतं. त्यामुळे ते गप्प, आणि यादी रिकामी. हॉटेलात किंवा पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर तर राउटर ही हाळीच अडवतो, कारण तिथे एका खोलीतल्या फोनला दुसऱ्या खोलीतला टीव्ही दिसू नये हेच बरोबर असतं. आणखी एक मेख आहे. २०२०च्या आयओएस १४पासून आयफोन प्रत्येक ॲपसाठी 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारतो. घाईत 'नको' दाबलं असेल तर एरवी कास्ट करणारं ॲपही मुकं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी परत द्यावी लागते.

नाव जुळलं तरी ओळख पटवावी लागते. प्रत्येक क्रोमकास्टमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली आणि तिच्यावर गूगलची सही असलेलं प्रमाणपत्र घातलेलं असतं. फोन आधी ते तपासतो. २०२५च्या मार्चमध्ये दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टसाठीच्या, या सहीमागच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरची धडधाकट उपकरणं एका दिवसात फोनच्या लेखी परकी झाली. काही दिवसांनी गूगलने दुरुस्ती पाठवली. मधल्या काळात ज्यांनी 'रिसेट मारून बघू' म्हणून सगळं पुसलं, त्यांची नव्याने जोडणीच होईना. रिसेट हा आपल्याकडचा सर्वरोगहर काढा आहे, पण मुदत संपलेल्या कागदावर तो काय करणार?

आता जुगाडाकडे वळू. ॲप स्टोअरमध्ये आयफोन क्रोमकास्टवर दाखवणारी ॲप्स आहेत आणि ती खरोखर चालतात. कशी, हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग.

२०१७च्या आयओएस ११पासून ॲपलने एक वाट मोकळी ठेवली आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर एखादं ॲप तुमच्या अख्ख्या पडद्याचं प्रक्षेपण करू शकतं. मात्र ॲपच्या पडदा टिपणाऱ्या भागाला मेमरी मिळते फक्त ५० एमबी. आयफोन १३च्या पडद्यावर ११७० गुणिले २५३२ ठिपके असतात, आणि टिपताना रंगाचे बारकावे गाळून ठिपक्यामागे सरासरी १२ बिट धरले, तरी न आकसवलेलं एक चित्र साधारण ४.४ एमबीचं होतं. म्हणजे सगळी मेमरी चित्रांनाच दिली तरी अकरा चित्रांत जागा संपली. सेकंदाला साठ चित्रं धरली तर हा सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ झाला. एवढ्यात आकसवून हातावेगळं केलं नाही, तर फोन ते प्रक्षेपण सरळ बंद करतो.

आकसवायचं किती, तेही बघू. टीव्हीच्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट होतात. वायफायवरून पाठवायचे आहेत साधारण ५० लाख. सहाशेपट आकुंचन! एच.२६४ त्यासाठी चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. आडवे १२० चौकोन नेमके बसतात. उभे मात्र १०८० भागिले १६ म्हणजे साडेसदुसष्ट येतात. मग चक्क १०८८ ओळींचं चित्र बनवायचं आणि खालच्या आठ ओळी दाखवू नका अशी चिठ्ठी सोबत जोडायची. असे एकूण ८१६० चौकोन. प्रत्येकासाठी विचारायचं, हा मागच्या चित्रात कुठे होता? व्हॉट्सॲपचं संभाषण बोटाने वर सरकवा. शेकडो चौकोन सारखेच, समजा बारा ठिपके, वर गेलेले असतात. 'शेजारच्यासारखंच' एवढं सांगितलं की काम झालं, खर्च जवळजवळ शून्य. आता लग्नाचा व्हिडिओ लावा. 'शुभमंगल सावधान' झालं की अक्षता पडतात आणि प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने जातो. बहुतेक चौकोनांना मागच्या चित्रात जोडीदार सापडत नाही. बिटांचं बजेट तेवढंच, मग बारकावे कापले जातात. नवरा-नवरीचे चेहरे ठोकळ्याठोकळ्यांचे होतात ते नेमके त्या क्षणी. वायफायला शिव्या देऊ नका, दोष तांदळाचा आहे.

चित्रांचे प्रकारही तीन. स्वतःच्या बळावर उभं राहणारं मुख्य चित्र, मागच्या चित्राच्या आधाराने रचलेलं, आणि मागचं-पुढचं दोन्ही बघून रचलेलं. तिसरा प्रकार सर्वांत काटकसरी, पण पुढचं चित्र येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून थेट मिररिंगमध्ये तो सहसा वापरत नाहीत. मुख्य चित्र सर्वांत महाग. थेट जोडणीत ते क्वचितच पाठवलं तरी भागतं.

क्रोमकास्टशी मात्र अशी थेट जोडणी त्या ॲपला सहजासहजी करता येत नाही. बाहेरच्या ॲपचं क्रोमकास्ट लगेच ऐकतं ते एवढंच, की 'या वेबपत्त्यावरचा व्हिडिओ लाव'. म्हणून ॲप फोनमध्येच एक इवलासा वेबसर्व्हर, म्हणजे मागेल त्याला व्हिडिओ पुरवणारा प्रोग्राम, उभा करतं आणि पत्ता सांगतं फोनचाच! क्रोमकास्टला वाटतं, आपण इंटरनेटवरचा एखादा थेट कार्यक्रम दाखवतोय. त्यासाठी बऱ्याचदा ॲपलनेच २००९ साली आणलेली एचएलएस ही पद्धत वापरतात. नळाला पाइप जोडण्याऐवजी हंडे भरून नेण्यासारखा हा प्रकार आहे. दोन सेकंदांचा व्हिडिओ भरला की एक हंडा तयार, यादीत त्याची नोंद, मग क्रोमकास्ट येऊन तो उचलणार. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडता आला पाहिजे, म्हणून त्याची सुरुवात त्या महागड्या मुख्य चित्राने करावी लागते, आणि तेवढे बिट बाकीच्या चित्रांच्या वाट्यातून जातात. वर एचएलएसचा नियम सांगतो, की थेट कार्यक्रम यादीच्या टोकापासून निदान तीन तुकडे मागून सुरू करावा. दोन सेकंदांचा तुकडा, तर सहा सेकंद तिथेच गेले. तुम्ही फोनवर फोटो पुढे सरकवता, आणि टीव्हीवर तो सरकेपर्यंत आत्याबाई "अगं, आधीचाच दिसतोय" म्हणून मोकळ्या होतात.

तुकडे लहान केले तर उशीर कमी होतो, पण मुख्य चित्रं वाढतात आणि चित्र बिघडतं. हंड्यांऐवजी पाइपच हवा तर क्रोमकास्टच्या ब्राउझरसाठी स्वतःचं वेगळं पान लिहावं लागतं. काही जण तेही करतात. पण 'झिरो लॅग, ४के, कुठलाही फोन, कुठलाही टीव्ही' अशी जाहिरात दिसली की खुशाल पुढे जा. टिपणं, आकसवणं, पाठवणं आणि उलगडणं, यांतलं एकही फुकटात होत नाही. आणि पडद्याचं प्रक्षेपण म्हणजे अख्ख्या पडद्याचं. त्यात बँकेचा ओटीपीही आला. कसल्याही अनोळखी ॲपला ही परवानगी देऊन विसरून जाऊ नये.

उलटा जुगाडही आहे. फोनला टीव्हीची भाषा शिकवण्याऐवजी टीव्हीकडच्या उपकरणाला एअरप्ले शिकवायचं. २०२०पासूनच्या गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टवर किंवा ॲमेझॉनच्या फायर स्टिकवर तशी ॲप्स टाकता येतात, आणि त्यांत उशीर बराच कमी असतो. जुन्या, रिमोट नसलेल्या क्रोमकास्टवर ॲप टाकायची सोयच नाही. एअरप्लेची भाषा बाहेरच्यांना कळली ती उकल करणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. २०११ साली जेम्स लेयर्ड यांनी ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्प्रेस या उपकरणातून गुप्त किल्ली बाहेर काढली आणि आवाजापुरता एअरप्ले सगळ्यांना खुला झाला. चित्राची उकल पुढे इतरांनी केली. घरात मॅक असेल तर तिसरी वाट आहे. आयफोन मॅकवर एअरप्ले करायचा आणि मॅकवरच्या क्रोम ब्राउझरमधून क्रोमकास्टला द्यायचा. ती चालते, पण आकसवणं-उलगडणं दोनदा होतं.

नेटफ्लिक्ससारख्या ॲपचा व्हिडिओ मात्र यातल्या कुठल्याच जुगाडाने जाणार नाही. पडदा टिपला जातोय हे कळताच संरक्षित व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो. तो बिघाड नव्हे, तसंच ठरवलेलं आहे.

"मग सरळ वायर घे ना," असं म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. जुन्या आयफोनच्या लाइटनिंग खोबणीतून एचडीएमआयचा सिग्नल बाहेर पडतच नाही. २०१३ साली पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मंडळींनी ॲपलचा एचडीएमआय ॲडॉप्टर कापून पाहिला, तर आत एआरएमची चिप निघाली, म्हणजे एक छोटा संगणकच. फोन चित्र आकसवून पाठवतो आणि ॲडॉप्टर ते उलगडून टीव्हीला देतो. वायर असूनही सगळा खटाटोप तोच! २०२३च्या आयफोन १५पासून यूएसबी-सी आलं आणि चित्र न आकसता थेट टीव्हीपर्यंत जाऊ लागलं. अँड्रॉइडमध्ये ही सोय महागड्या फोनांतच जास्त. कित्येक स्वस्त फोनांचं यूएसबी-सी दिसायला तेच, पण त्यातून चित्र बाहेर पडत नाही.

आणि लग्नाचे फोटोच दाखवायचे असतील तर मिररिंगच्या फंदात पडूच नका. आयफोनवर गूगल फोटोज टाका, लोकल नेटवर्कची परवानगी द्या आणि त्यातलं कास्टचं चिन्ह दाबा. फोटो पडद्याची नक्कल म्हणून न जाता फोटो म्हणूनच टीव्हीवर जातो. एचएलएसचे ते सहा सेकंदही वाचतात, आणि अक्षतांचा प्रत्येक दाणा वेगळा दिसतो.