वेबसाइटवरचा नकाशा: फरशा कुणाच्या, अक्षरं कुणाची?

वेबसाइटवरचा नकाशा बोटाने भरभर सरकवला की कडेला क्षणभर करडे चौकोन दिसतात आणि मग त्यांत रस्ते, नद्या उमटतात. नेट रडतखडत चालत असेल तर हा खेळ जास्तच छान दिसतो. हे चौकोन म्हणजे टाइल. घरातल्या फरशीसारख्या एकीला एक लागून बसवलेल्या, बहुधा २५६ पिक्सेल लांब-रुंद.

झूम शून्यावर, म्हणजे नकाशा सगळ्यात दूरून पाहताना, ध्रुवांकडचा भाग वगळता सारी पृथ्वी एका फरशीत मावते. एक पायरी आत गेलं की प्रत्येक फरशीच्या चार होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्यासारखा हा हिशोब हाताबाहेर जातो: अठराव्या पायरीला जगासाठी सुमारे ६,८७२ कोटी फरशा लागतात. तेव्हा कुठे महाराष्ट्रात एका पिक्सेलमध्ये साधारण ५७ सेंटीमीटर जमीन येते. नकाशासेवेचं बिल येतं ते मुख्यतः या फरशा घडवून घरपोच करण्याचं.

म्हणजे नकाशात तीन गोष्टी असतात: माहिती, फरशा आणि त्या जुळवणारा प्रोग्राम. २००५ साली आलेला गूगल मॅप्स तिन्ही एकत्र बांधून देतो. याउलट ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती स्वयंसेवक भरतात. श्रेय दिलं की ती कुणीही वापरावी. फरशा जुळवणारा लीफलेट हा मोफत प्रोग्राम युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोनकिन यांचा, २०११चा. पण विहीर गावाची असली तरी टँकरचं भाडं पडतंच. ओपनस्ट्रीटमॅपचे स्वतःचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. गर्दीच्या वेबसाइटने त्यांवर भार टाकला तर वाट बंद होऊ शकते. मग फरशा विकणारा गाठायचा.

दुकानाचा एकच पत्ता दाखवायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला? गूगलची साधी चौकट पानात डकवता येते, तिला पैसे पडत नाहीत. पन्नास ठिकाणं, स्वतःचे रंग, नकाशातच शोधायची सोय हवी असेल तर मात्र २०१८पासून बिलिंग खातं उघडावंच लागतं.

मराठी वाचकांसाठी माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो: अक्षरं कुठे लिहिली जातात? जुन्या पद्धतीची फरशी म्हणजे तयार चित्र, त्यावरची नावं सर्व्हरवरच छापलेली. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या फरशांवर भारतातली नावं बहुतेक रोमन लिपीतच दिसतात, मग तुमचं पान कितीही शुद्ध मराठीत असो. व्हेक्टर फरशीत चित्र नसतं, रेषा आणि नावं कच्च्या रूपात येतात आणि नकाशा वाचकाच्या ब्राउझरमध्ये रंगतो. त्यामुळे ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नाव नोंदलेलं आणि सेवेने फरशीत ठेवलेलं असेल तर तेच दाखवता येतं. नोंदलेलं नसेल, तर आपल्या गावाचं नाव आपणच भरायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रश्न सीमेचा. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताबा ज्याचा, तशी सीमा काढतो. भारतात मात्र सर्वेक्षण खात्याच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भारतातून पाहिलं की गूगल अधिकृत सीमा दाखवतो, मॅपमायइंडिया ही भारतीय नकाशासेवाही. चिपळूणच्या दुकानाच्या नकाशातूनही वाचक दोन बोटांनी मागे मागे जात थेट काश्मीरपर्यंत पोचतो. लीफलेट वापरत असाल तर किमान झूम ठरवून आणि चौकट तालुक्यापुरती बांधून त्याला चिपळुणातच थांबवता येतं.