जी. जे. विल्यम्स यांची कागदपत्रं : पार्श्वभूमी एका बनावट दप्तराची

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, अ‍ॅबरिस्टविथला, वेल्श वाङ्मयाचे अभ्यासक प्रा. ग्रिफिथ जॉन विल्यम्स (1892–1963) यांची कागदपत्रं आहेत. ती उघडण्याआधी तिथलंच आणखी एक दप्तर माहीत असायला हवं. विल्यम्स यांची बरीचशी हयात त्याच्या झाडाझडतीत गेली.

ते दप्तर योलो मोर्गानुग याचं. खरं नाव एडवर्ड विल्यम्स (1747–1826). दक्षिण वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन परगण्याचा पाथरवट, कवी, जुन्या बाडांचा अफाट नकलकार आणि अफूच्या अर्काचा व्यसनी. 1789 साली लंडनमध्ये दाविद आप ग्विलिम या चौदाव्या शतकातल्या कवीचा संग्रह छापला जात होता. ओवेन जोन्स (धंद्याने फरचा व्यापारी) आणि विल्यम ओवेन हे संपादक. ग्लॅमॉर्गनच्या बाडांत सापडल्या म्हणून योलोने आणखी कविता पाठवल्या आणि त्या पुरवणीत गेल्या. संपादकांच्या हाती आल्या त्या नुसत्या नकला. त्यातल्या बऱ्याच कविता योलोच्या स्वतःच्या होत्या, आणि इतक्या सरस, की पुढे शंभरावर वर्षं दाविदच्या उत्तम कविता म्हणून त्यांचंच कौतुक होत राहिलं.

1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर भरवलेला कविमेळा, ‘गोर्सेद’, हीसुद्धा त्याचीच निर्मिती. ती प्राचीन नाही, हे वेल्श भाषेचे अभ्यासक जॉन मॉरिस-जोन्स यांनी 1896 मध्येच मांडलं होतं. कवितांचा निकाल मात्र योलोचे कागद पाहिल्याशिवाय लागणार नव्हता, आणि ते वेल्समधल्याच लॅनोव्हर इथल्या वाड्यात होते. 1916 साली ते ग्रंथालयात आले. दहा वर्षांनी, 1926 मध्ये, पुरवणीतल्या कवितांवरचं विल्यम्स यांचं पुस्तक निघालं.

तपासाची रीत किचकट असली तरी सरळ आहे. कवितेची योलोच्या आधीची एखादी प्रत कुठे मिळते का, हे आधी पाहायचं. तो ज्या बाडाचं नाव देतो ते दुसऱ्या कुणी पाहिलंय का? मग शब्द आणि व्याकरणरूपं चौदाव्या शतकाशी ताडायची, आणि तेच शब्द, त्याच कल्पना योलोच्या स्वतःच्या लिखाणात येतात का हे शोधायचं. एका कसोटीवर विसंबलं की घात होतो, कारण योलोने अस्सल बाडांच्याही ढिगाने नकला केल्या. सगळंच खोटं म्हणून बाजूला सारलं तर खरा मजकूरही हातचा जातो. माझ्या मते विल्यम्स यांची मोठी कामगिरी बनावट पकडण्यापेक्षा या निवडीत आहे. ग्लॅमॉर्गनची अस्सल वाङ्मयपरंपरा त्यांनी 1948 च्या ग्रंथात वेगळी काढून दाखवली. 1952 मध्ये टॉमस पॅरी यांनी दाविदची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा पुरवणीतला हा माल केव्हाच उघडा पडला होता.

योलोचे आणखी कागद 1950 च्या दशकात वंशजांकडून ग्रंथालयाला मिळाले. दोन्ही खेपा एकत्र लावलेल्या नाहीत. ग्रंथालयाच्या बाडक्रमांकांत लॅनोव्हरची बाडं 13061 पासून पुढे आहेत, तर वंशजांकडून आलेला पत्रव्यवहार 21280 ते 21286 मध्ये. अशा क्रमांकाला शेवटी जोडलेलं इंग्रजी अक्षर बाडाचा आकार सांगतं, विषय नव्हे.

विल्यम्स यांचं योलोचरित्र 1956 मध्ये ‘पहिला खंड’ म्हणून निघालं. दुसरा खंड त्यांच्या हातून झाला नाही. त्यामुळे योलोच्या उत्तरायुष्याविषयी त्यांचं मत हवं असेल, तर छापील चरित्रावर भागत नाही.