तिसरी डबी संपल्यानंतरची रक्ततपासणी

हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार. त्याच्या गोळ्यांचा नेहमीचा कोर्स 28-28 दिवसांच्या तीन डब्यांचा, एकूण 84 दिवस. मृगाच्या पेरणीच्या सुमारास, समजा 15 जूनला, पहिली गोळी घेतली तर शेवटची 6 सप्टेंबरला, पोळ्याच्या आगेमागे येते. विषाणू खरंच गेला का, हे सांगणारी तपासणी त्यानंतर 12 आठवड्यांनी, म्हणजे 29 नोव्हेंबरला. त्या दिवसांत विदर्भात कापसाची वेचणी ऐन भरात असते. भूक परतलेली, थकवा गेलेला. अशा वेळी बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं सोसून जिल्ह्याच्या गावी कोण जाणार? तपासणी राहते ती इथेच.

म्हणून एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. ही तपासणी 12 आठवड्यांच्या आधी करून उपयोग नाही, पण नंतर केव्हाही चालते. वेचणी आटोपून जानेवारीत रक्त दिलं तरी निकाल तितकाच भरवशाचा. तारीख हुकली म्हणून लाजून उपचार केंद्राकडे पाठ फिरवू नका.

12 आठवडेच का? हा विषाणू यकृताच्या पेशीत रोज अब्जावधींच्या संख्येने तयार होतो आणि रक्तात आलेल्या कणांपैकी निम्मे सुमारे तीन तासांत नष्टही होतात. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्विर ही औषधं नवी निर्मिती अडवतात. त्यामुळे बऱ्याच जणांच्या रक्तात चौथ्या आठवड्यातच विषाणू सापडेनासा होतो. पण तेव्हा औषध चालू असतं. धरणाचं दार बंद असताना कालवा कोरडा दिसला, म्हणून धरण रिकामं झालं असं होत नाही. औषध थांबल्यावर यकृतात थोडे विषाणू उरलेले असतील तर ते वाढू लागतात, आणि 12 आठवड्यांत बहुतेक वेळा रक्तात दिसतात. इतक्या काळानंतरही रक्त स्वच्छ असेल, तर शंभरातल्या 99 जणांत तो आजार पुन्हा उठत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. सीचा तसा बसत नाही, म्हणूनच इथे 'बरा झाला' हा शब्द डॉक्टर मोकळेपणाने वापरतात.

आता सर्वांत जास्त घोळ घालणारी बाब. तपासणीचं नाव 'एचसीव्ही' एवढंच सांगितलं तर अनेक ठिकाणी पट्टीवरची किंवा प्रयोगशाळेतली एलायझा पद्धतीची अँटिबॉडी तपासणी होते. अँटिबॉडी म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेले पदार्थ. विषाणू गेल्यावरही त्या वर्षानुवर्षं, बहुतेकांत आयुष्यभर, रक्तात राहतात. त्यामुळे पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाच्या रिपोर्टवरही 'रिअॅक्टिव्ह' लिहून येतं, आणि घरात रडारड सुरू होते. कागदावर 'एचसीव्ही आरएनए' किंवा 'एचसीव्ही व्हायरल लोड' असं लिहून घ्या. ही तपासणी विषाणूचं जनुकीय द्रव्यच मोजते. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. खासगीत तिचे काही हजार मोजावे लागतात.

या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. रक्त 3 ते 5 मिलिलिटर, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये हेपारिन असतं आणि ते आरएनए मोजण्याची पीसीआर ही प्रक्रियाच अडवतं, म्हणून ती चालत नाही. आरएनए हा नाजूक रेणू. रक्तातली विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात आणि उष्णतेत हे काम अधिक वेगाने होतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तिथे ट्यूब मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारभर राहिली, तर असलेला विषाणूही कमी मोजला जाईल किंवा सापडणारच नाही. रुग्णाला खोटा दिलासा मिळतो, आणि तो सर्वांत वाईट. रक्त काढल्यापासून शक्यतो सहा तासांत सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे ट्यूब वेगाने फिरवणाऱ्या यंत्रावर, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) वेगळा करावा, 2 ते 8 अंशांत ठेवावा आणि लसीच्या डब्यातून थंड पाठवावा. सेंट्रिफ्यूजवर न फिरवलेली ट्यूब मात्र थेट बर्फाला टेकवू नये. रक्ताचा बर्फ झाला की लाल पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. अशा भागात ट्यूब पाठवण्यापेक्षा जवळच्या रुग्णालयात क्षयरोगासाठी असलेल्या सीबीनॅट यंत्राचा उपयोग जास्त. त्याच यंत्रात हिपॅटायटिस सीचं वेगळं कार्ट्रिज बसतं आणि पावणेदोन तासांत आकडा मिळतो. तिथे हे कार्ट्रिज आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावं. 

रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असेल तर काम झालं. 'डिटेक्टेड', पण मोजण्याच्या मर्यादेपेक्षा कमी, असं आलं तर घाबरून औषध सुरू करायचं नाही; काही आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायचा. हजारो-लाखोंत आकडा आला तर आजार उलटला आहे किंवा नव्याने लागण झाली आहे. आजार उलटला असेल तर वेगळं औषध किंवा लांब कोर्स लागू शकतो. पुढचा उपचार मोठ्या केंद्रातूनच ठरतो. जुन्याच गोळ्यांची आणखी एक डबी गावातल्या दुकानातून आणणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांना ही लागण होण्याचा धोका जास्त. त्यांच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (कावीळीतलं पिवळं द्रव्य) आणि एसजीओटी (यकृतात आणि लाल पेशींतही असलेलं विकर) वाढलेलं दिसतं, डोळे पिवळे असतात, म्हणून 'कावीळ परतली' असं समजलं जातं. खरं तर सिकलसेलमध्ये लाल पेशी सतत फुटतात आणि हे दोन्ही त्यांच्यातूनही येतात. यकृताबद्दल एसजीपीटी हे मुख्यतः यकृतातलं विकर जास्त खरं बोलतं, आणि विषाणूबद्दल फक्त आरएनए. पिवळे डोळे पाहून झाडपाल्याचं औषध सुरू करणं तर धोक्याचंच. काही वनस्पतींनी बऱ्या झालेल्या यकृतालाही इजा होते.

विषाणू गेला तरी यकृतावरचा व्रण लगेच जात नाही. त्याचा अंदाज फिब-4 या साध्या हिशेबाने येतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वय 52, एसजीओटी 68, एसजीपीटी 64, प्लेटलेट्स 1 लाख 10 हजार असतील, तर 3536 ला 880 ने भागून सुमारे 4. आकडा 3.25 च्या वर म्हणजे यकृत बरंच कडक झाल्याची शक्यता. इथे चूक होते ती आकडे उपचारानंतरचे घेण्यात. विषाणू गेला की एसजीओटी-एसजीपीटी उतरतात, आकडा छान दिसतो, व्रण मात्र तिथेच असतो. उपचाराआधीचा रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवायचा. सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक झालेलं) असलेल्याने आरएनए स्वच्छ आल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या कर्करोगाचा इशारा देणारी एएफपीची रक्ततपासणी करावी, कारण त्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. मोहाची असो की दुकानातली, दारू त्यांना पूर्ण वर्ज्य.

आजार एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही; लागण पुन्हा होऊ शकते. डायलिसिसवर असलेल्यांनी, वरचेवर रक्त चढवावं लागणाऱ्यांनी आणि सुईने नशा करणाऱ्यांनी वर्षातून किमान एकदा आरएनए तपासावा. एकदा बऱ्या झालेल्या कुणासाठीही अँटिबॉडीची पट्टी कायमची निरुपयोगी झालेली असते. बाळंतपण, मोतीबिंदू किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी ती पट्टी केली जाईल आणि 'रिअॅक्टिव्ह' येईल, हे गृहीत धरून कोर्स संपल्याची नोंद आणि 12 आठवड्यांनंतरचा आरएनए रिपोर्ट आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते.