ड जीवनसत्त्व पूरके : शोषण व सुरक्षितता

ड जीवनसत्त्वाची न्यूनता भरून काढण्यासाठी किंवा ती टाळण्यासाठी पोटातून अथवा क्वचित स्नायूतील इंजेक्शनाने दिली जाणारी औषधी द्रव्ये. त्यांत बहुधा ड३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल आणि काही वेळा ड२ म्हणजे एर्गोकॅल्सिफेरॉल असते. मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत सांगतात. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. पुण्यातील औषधांच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या ६०,००० एककांच्या पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये त्यामुळे दीड मिलिग्रॅमच औषध असते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास कुत्र्यांच्या पिलांत आहाराने मुडदूस घडवून तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा केला, पण त्याचे कारण त्यांनी अ जीवनसत्त्वात शोधले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी जंबुपार किरणांनी मुडदूस बरा होतो असे दाखवले. तेल तापवून व त्यातून हवा सोडून अ जीवनसत्त्व नष्ट केल्यावरही मुडदूसावरील गुण टिकतो, हे एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले. हा घटक वेगळा असल्याचा निर्णायक पुरावा हाच असल्याने त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. अडॉल्फ विंडाऊस यांना १९२८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेत वेगळे केलेले ‘ड१’ पुढे मिश्रण ठरले आणि म्हणून आजच्या क्रमवारीत ते नाही.

पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्वचेत ड३ तयार होण्यापुरते जंबुपार किरण तेथे हिवाळ्यातही मिळू शकतात. तरीही न्यूनता आढळते. त्वचेतील रंगद्रव्य, अंग झाकणारे कपडे, दिवसभर घरात किंवा कार्यालयात बसून होणारे काम, पावसाळी ढग आणि हवेतील धूलिकण ही कारणे दिली जातात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही, कारण आवश्यक ते किरण काच अडवते. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेने शाळकरी मुलांवर केलेल्या कामातून, बराच वेळ उन्हात वावरणाऱ्या ग्रामीण मुलांतही पातळी अपुरी असू शकते, असे दिसले आहे.

हे जीवनसत्त्व मेदद्राव्य आहे. पोटात गेल्यावर ते पित्तक्षारांच्या साहाय्याने बनणाऱ्या सूक्ष्म कणांत विरघळते, लहान आतड्याच्या पेशींत शिरते आणि तेथून कायलोमायक्रॉन या मेदकणांबरोबर लसीकावाहिन्यांवाटे रक्तात येते. पेशीत शिरण्याची क्रिया केवळ निष्क्रिय विसरणाने (जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरण्याने) होते, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांवरून दीर्घकाळ मानले जाई. २०११ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाहून नेणारी काही पटल-प्रथिने ड३ च्या प्रवेशातही भाग घेतात, असे दाखवले. आहारातून येणाऱ्या ड३ च्या अल्प मात्रेत या पटल-प्रथिनांचा वाटा मोठा व औषधी मात्रेत विसरणाचा, ही मांडणी दोन्ही निरीक्षणांना सामावून घेते, म्हणून तीच येथे स्वीकारली आहे. पित्तमार्ग तुंबणे, सिलिअ‍ॅक रोग (गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला होणारी इजा), स्वादुपिंडाचे विकार आणि वजन घटवण्यासाठी केलेली जठर-आतड्याची शस्त्रक्रिया यांत शोषण घटते. ऑर्लिस्टॅट (वजन घटवणारे) व कोलेस्टिरामिन (कोलेस्टेरॉल घटवणारे) या औषधांनीही ते घटते.

जेवणाबरोबर घ्यावे की रिकाम्या पोटी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या १७ रुग्णांच्या अभ्यासात दिवसातील मोठ्या जेवणाबरोबर पूरक घेतल्यावर रक्तातील पातळी सरासरी निम्म्याने वाढली. मात्र त्यात तुलनेचा गट नव्हता. २०१५ च्या अधिक काटेकोर प्रयोगात ५०,००० एककांची एकच मात्रा स्निग्ध जेवणाबरोबर घेणाऱ्यांत ड३ ची कमाल पातळी मेदविरहित जेवण घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त आली. त्यामुळे साय काढलेल्या दुधापेक्षा वरण-भात-तुपाच्या जेवणानंतर मात्रा घेणे सयुक्तिक आहे, परंतु तुपाचे प्रमाण वाढवण्याची गरज यातून सिद्ध होत नाही. जलमिश्रणीय किंवा ‘नॅनो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवांचा मेदशोषण बिघडलेल्या रुग्णांना उपयोग संभवतो. निरोगी माणसाला त्यांचा ठोस अधिक लाभ मानण्याइतका पुरावा तुटपुंजा आहे.

शोषलेल्या ड३ चे यकृतात २५-हायड्रॉक्सी रूप बनते व रक्ततपासणीत तेच मोजतात. मूत्रपिंडात त्याचे सक्रिय संप्रेरक होते. पुरेशी पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम की ३०, हा वाद जुना आहे. हाडांच्या आरोग्यासाठी बहुसंख्य लोकांना २० पुरेसे ठरते, हे मत अधिक सावध आहे.

धोका मुख्यतः रक्तातील कॅल्शियम वाढण्याचा असतो. मळमळ, बद्धकोष्ठ, वारंवार तहान व लघवी, संभ्रम आणि पुढे मूत्रपिंडाची हानी अशी लक्षणे दिसतात. विषबाधा सहसा पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेल्यावर होते. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० एकके मानतात, तर भारतातील शिफारस ६०० एककांची आहे. प्रचलित उपचारात ६०,००० एकके आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. हीच पुडी गैरसमजाने रोज घेतली, तर मर्यादेच्या पंधरापट मात्रा पोटात जाते. अशी चूक घडू नये म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द वारासह लिहिणे अत्यंत आवश्यक आहे. औषध मेदात साठत असल्याने ते थांबवल्यावरही कॅल्शियम काही आठवडे, कधी महिने वाढलेले राहते.

फार मोठी मात्रा एकदम देण्याची पद्धतही निर्दोष नाही. वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० एकके दिलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत (२०१०) पडण्याचे व अस्थिभंगाचे प्रमाण उलट वाढले. सार्कॉइडोसिस (अवयवांत दाहक गाठी निर्माण करणारा रोग) व क्षयरोग यांतील ग्रंथिकांत (अशा गाठींत) सक्रिय संप्रेरक अनियंत्रितपणे बनू शकते, त्यामुळे अशा रुग्णांत नेहमीची मात्राही तपासूनच द्यावी लागते. थायाझाइड (लघवी वाढवणारी औषधे) घेणाऱ्यांत कॅल्शियम वाढण्याचा व डिगॉक्सिन (हृदयविकारावरील औषध) घेणाऱ्यांत वाढलेल्या कॅल्शियमने हृदयगती बिघडण्याचा धोका असतो. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये पोषक द्रव्ये मिसळलेल्या बालआहारानंतर काही अर्भकांचे कॅल्शियम वाढले होते. अशा अर्भकांपैकी काहींत जीवनसत्त्वाचे विघटन करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) जनुकीय दोष असतो, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

व्यापारी ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेदापासून बनते. ते वर्ज्य मानणाऱ्यांसाठी यीस्ट किंवा अळिंबीपासूनचे ड२ व दगडफुलापासूनचे ड३ उपलब्ध आहे; विरळ मोठ्या मात्रांत ड२ ने पातळी कमी काळ टिकते.