फोटोओळ नजरेला कुठे नेते?

‘चांगल्या फोटोला शब्द लागत नाहीत, तो स्वतःच बोलतो,’ असं हौशी आणि कसलेले दोन्ही छायाचित्रकार ठासून सांगतात. ऐकायला हे छान वाटतं, पण डोळा कसा पाहतो हे समजून घेतलं की पटेनासं होतं, आणि फोटोखाली लिहिलेल्या ओळीचं, म्हणजे फोटोओळीचं, काम कळतं.

फोटो एका नजरेत सगळा दिसतो, हा भास आहे. बारीक तपशील टिपतो तो दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा खळगा. रंग आणि तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी सर्वांत दाट असतात त्या तिथेच. हात ताठ करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं, तर नखाएवढीच जागा, म्हणजे सुमारे दोन अंश, खरोखर स्पष्ट दिसते. बाकी सगळं अंधुक. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार झेपा घेतात आणि दर ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतात. ‘हा समुद्रकिनारा आहे’, ‘इथे माणसं आहेत’ एवढा ढोबळ अंदाज सेकंदाच्या दहाव्या भागातही येतो. तपशील मात्र झेपेगणिक वेचावा लागतो. पुढची झेप कुठे पडणार हे चेहरे आणि उजळ-गडद कडा ठरवतात, तसंच आपण काय शोधतोय हेही ठरवतं.

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी हे कागदावर उमटवून दाखवलं. डोळ्याच्या पृष्ठभागावर ते हवेच्या दाबाने चिकटणारी चिमुकली टोपी बसवत. तिच्यावरच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश फोटोच्या कागदावर पडे आणि नजरेची वाट रेघेसारखी उमटे. इल्या रेपिन यांच्या एका चित्रात वर्षानुवर्षं दूर राहिलेला माणूस अचानक घरात शिरतो. यार्बुस यांनी एकाच प्रेक्षकाला हे चित्र पुन्हा पुन्हा, दर वेळी तीन मिनिटं दाखवलं आणि प्रश्न तेवढा बदलला. ‘यांची वयं सांगा’ म्हटल्यावर रेघा चेहऱ्यांभोवती दाटल्या. ‘घरची आर्थिक स्थिती कशी आहे?’ म्हटल्यावर त्या कपड्यांकडे आणि सामानाकडे वळल्या. चित्र तेच राहिलं, पण एका वाक्याने नजरेचा नकाशा बदलला. फोटोओळही हेच करते, आपल्या नकळत.

लक्षात काय राहतं, तेही शब्द बदलतात. 1932 सालच्या एका प्रयोगात रेषेने जोडलेली दोन वर्तुळं दाखवली होती. ‘चष्मा’ हा शब्द ऐकलेल्यांनी नंतर आठवून काढलेली आकृती चष्म्याकडे झुकली, ‘डंबेल’ ऐकलेल्यांची डंबेलकडे. म्हणून ‘उदास वृद्ध’ ही फोटोओळ मला घातक वाटते. ती लिहिणाऱ्याचा निष्कर्ष वाचणाऱ्याच्या आठवणीत बसवते. ‘झाडाखाली बसलेला माणूस’ निरुपद्रवी आहे, पण फुकट. ते दिसतंच आहे. कॅमेऱ्याला जे टिपता आलं नाही, ते ओळीत हवं: वेळ, आकारमान, प्रकाशाची दिशा, रंग खरे की दिलेले, चौकटीबाहेर काय होतं.

प्रकाशाच्या दिशेचंच घ्या. प्रकाश वरून येतो, असं मेंदू गृहीत धरतो. चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरला, तर बहुतेकांना खड्ड्याऐवजी टेकडी दिसते. उत्तर गोलार्धातल्या डोंगरांच्या उपग्रह-चित्रांतही हा घोटाळा होतो: उत्तर वर ठेवली की ऊन बहुतेक वेळा खालून येतं आणि दऱ्या डोंगररांगांसारख्या उठून दिसतात. ‘प्रकाश खालून’ हे दोन शब्द पुरतात. रंगांचंही तसंच. हबल दुर्बिणीने 1995 साली टिपलेल्या गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. टिपलेली हायड्रोजनची रेषा 656 नॅनोमीटरची, म्हणजे मुळात लालच. ओळ नसेल तर ही फसवणूक ठरते. असेल तर वायू कुठे आहेत याचा नकाशा हाती येतो.

आणि ओळ गळाली की काय होतं? 25 जुलै 1976 रोजी व्हायकिंग-1 यानाने मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो घेतला. नासाने तो देतानाच सांगितलं होतं, की डोळे, नाक आणि तोंड हा सावल्यांचा भास आहे. चित्रावरचे काळे ठिपके प्रक्षेपणातल्या चुकांमुळे आले होते, नाकपुडीही त्यांनीच ठळक केली होती. ‘परग्रहवासीयांनी कोरलेला चेहरा’ विकणाऱ्यांनी फोटो उचलला आणि खुलासा टाकून दिला. 2001 मध्ये नासाच्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने जास्त तपशिलाने फोटो घेतला, तेव्हा झिजलेला सपाट माथ्याचा डोंगर स्पष्ट दिसला. तरी बाजार चालूच आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या फोटोखाली ‘1000 पट मोठं’ लिहिणं टाळावं. तोच फोटो मोबाइलवर लहान आणि पडद्यावर मोठा होतो, आकडा मात्र तोच राहतो. त्याऐवजी फोटोतच ‘10 मायक्रॉन’ अशी मोजपट्टी टाकावी, म्हणजे फोटोबरोबर तीही लहान-मोठी होते. फाइलच्या आत वर्णन लिहायला आयपीटीसी (फोटोची माहिती फाइलमध्येच साठवायची ठरलेली पद्धत) हिचा रकाना असतो, तो जरूर भरावा. पण त्यावरच विसंबू नये. अनेक मेसेजिंग अॅप फोटो लहान करताना ही माहिती काढून टाकतात. चित्राच्या खालच्या कडेला पांढरी पट्टी जोडून त्यात ठिकाण, तारीख आणि प्रकाशाची दिशा लिहिली, तर ती काढायला कुणाला तरी मुद्दाम कातरावी लागेल.