चाकाच्या नटांची फेरतपासणी

मोटारगाडीचे चाक दुरुस्तीसाठी उतरवून पुन्हा बसवल्यानंतर, गाडी काही अंतर धावली की त्याचे नट ठरलेल्या जोराने आवळलेले आहेत ना, हे पुन्हा एकदा पाहण्याच्या कामाला चाकाच्या नटांची फेरतपासणी म्हणतात. टायर बदलणे, पुढची-मागची चाके अदलाबदल करणे, व्हील बॅलन्सिंग, ब्रेकचे पॅड किंवा लायनर बदलणे, बेअरिंगचे काम, रस्त्यात पंक्चर झाल्यावर स्टेपनी चढवणे अशा प्रत्येक प्रसंगी हे नट सुटतात आणि पुन्हा बसतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या सीमाभागात या कामाचे महत्त्व विशेष आहे, कारण गॅरेजमधून निघालेली गाडी अनेकदा त्याच दिवशी पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग ४८ वर भरधाव धावते किंवा गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाट उतरते.

चाक नटांना टांगलेले असते असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आटेदार दांडा, किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर परतण्याच्या त्याच्या ओढीमुळे रिम हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागाच्या) सपाट तोंडावर घट्ट दाबली जाते. गाडीचा भार, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा आडवा जोर हे सारे या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलते. १२ मिलिमीटर व्यासाच्या कोरड्या स्टडवर नट १०० न्यूटन-मीटर पिळाने (फिरवण्याच्या जोराने, म्हणजे टॉर्कने) आवळला, तर तो एकटा नट सुमारे ४ टन दाब देतो. चार नटांच्या लहान गाडीत हा दाब १६ टनांच्या आसपास जातो, तर त्या एका चाकावर येणारे गाडीचे वजन काहीशे किलोच असते. मात्र एवढा दाब देणाऱ्या स्टडचे ताणले जाणे मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकेच असते, आणि फेरतपासणीची सगळी गरज याच सूक्ष्म मापातून निर्माण होते.

हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा, रंगाचा थर किंवा वाळलेली माती राहिली असेल, तर नट आवळताना चाक घट्ट बसल्यासारखे वाटते. गाडी धावू लागली, खड्ड्यांचे हादरे बसले, ब्रेक तापून थंड झाले, की तो थर दबतो किंवा भुगा होऊन गळून जातो. थराची जाडी स्टडच्या ताणाएवढीच असली, तरी तो चिरडताच ताणाचा मोठा हिस्सा नाहीसा होतो. नट एक अंशही न फिरता चाक ढिले पडते. खानापूर तालुक्यातील मुसळधार पाऊस आणि तांबडी माती, तसेच चिकोडी–अथणीकडील ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवरचा काळा चिखल, यांमुळे या भागातील गाड्यांच्या हबवर असा थर लवकर साचतो. म्हणून चाक चढवण्यापूर्वी हबचे तोंड आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासून कोरडी पुसणे ही फेरतपासणीची पहिली पायरी मानली पाहिजे, जरी ती घाईच्या दिवशी सर्वांत आधी गाळली जात असली तरी.

दाब पुरेसा कमी झाला की रिम हबवर प्रत्येक फेरीत अत्यल्प सरकू लागते. या सरकण्याने नट आट्यांवरून मागे फिरतो, स्टड पुढे-मागे वाकून थकतो, आणि एका नटाचा भार बाकीच्यांवर जातो. पुढचे चाक असेल तर स्टेअरिंगमध्ये थरथर जाणवते आणि मागचे असेल तर आसनाखाली. गाडी सावकाश वळवताना टकटक असा आवाज येतो. सर्व्हिसिंगनंतर अशी थरथर आली की बहुतेक जण बॅलन्सिंग बिघडले असे समजून दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे जायचे ठरवतात. हा अंदाज धोक्याचा आहे. चाकाचे काम झाल्यानंतर उद्भवलेली कोणतीही नवी थरथर ही नट ढिले असल्याची खूण समजून गाडी तिथेच बाजूला घ्यावी आणि आधी नट पाहावेत. प्लास्टिकची व्हील कॅप असलेल्या गाड्यांत नट झाकलेले असतात, त्यामुळे कॅप काढल्याशिवाय काहीच दिसत नाही. नटाच्या बुडापासून रिमवर ओघळलेली गंजाची रेघ किंवा नटाभोवती घासून चमकणारा धातू हेही हालचालीचेच पुरावे आहेत.

लहान व मध्यम मोटारींसाठी पिळाचा आकडा साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. अमुक गाडीसाठी तिच्या माहितीपुस्तिकेत छापलेला आकडाच प्रमाण धरावा. या पिळाचा अंदाज हाताला यावा म्हणून एक हिशेब उपयोगी पडतो. गाडीसोबत मिळणारा एल पाना साधारण २५ सेंटिमीटर लांबीचा असेल, तर त्याच्या टोकावर ४० किलोच्या आसपास जोर दिल्यावर १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. ७० किलो वजनाचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर पीळ १७० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे पान्यावर पाय देऊन नट घट्ट करण्याची सवय सुरक्षिततेची नाही. अतिताणलेला स्टड कायमचा लांबतो, आटे खाल्ले जातात, ब्रेकच्या डिस्कवर असमान दाब येतो, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला तोच नट काही केल्या सुटत नाही. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळलेल्या नटांचीही हीच गत होते. गन नट उतरवण्यासाठी आणि वरवर बसवण्यासाठी ठीक आहे. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरवलेला पीळ गाठताच आवाज करणाऱ्या पान्यानेच, द्यावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावल्यास त्याच पिळात स्टड कितीतरी अधिक ताणला जातो, म्हणून उत्पादकाने सांगितले नसेल तर आटे कोरडेच ठेवावेत.

नट आधी हाताने फिरवून बसवावेत, शंकूसारखी निमुळती बाजू रिमकडे असावी, आणि ओळीने न आवळता समोरासमोरचे नट आलटून-पालटून दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. बोलेरो किंवा इनोव्हासारख्या पाच नटांच्या गाडीत ही वाट चांदणीच्या आकाराची होते. लोखंडी रिम काढून अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) चाके बसवली असतील, तर नटांची रिमला टेकणारी बैठक जुळते का हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

फेरतपासणी ८० ते १६० किलोमीटर अंतर कापल्यानंतर करावी असा सर्वत्र रूढ असलेला सल्ला आहे. बेळगावात काम करून घेतलेली गाडी कोल्हापूरला गेली, तर सुमारे ११० किलोमीटरचा हा प्रवास नेमका त्या मर्यादेत बसतो, आणि तेथे पोहोचल्यावर गाडी थंड झाली की तपासणी करता येते. चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाटाने कोकणात वा गोव्यात जायचे असेल, तर चाकाचे काम निघण्याच्या दिवशी न करता दोन-चार दिवस आधी करावे, म्हणजे गावातल्या फेऱ्यांतच हे अंतर भरून निघते. घाट उतरून आल्याबरोबर नट आवळू नयेत. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे तापलेल्या अलॉय चाकाचा ठरलेल्या पिळाने आवळलेला नट थंड झाल्यावर कमी दाबाचा उरतो.

या तपासणीला जॅक लागत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून, टॉर्क पाना ठरलेल्या आकड्यावर लावून, तो ‘कट’ असा आवाज करेपर्यंत प्रत्येक नटावर ओढायचा. नट आधी सैल करायचा नाही. नट थोडा फिरला तर चाक आता नीट बसले असे समजावे आणि पुढच्या शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. दुसऱ्यांदाही फिरला तर चाक उतरवून हब, स्टड आणि रिमची भोके तपासणे आवश्यक ठरते. पाना न फिरता वाजला म्हणजे नट ढिला नाही एवढेच कळते. तो प्रमाणाबाहेर आवळलेला आहे का, हे या रीतीने समजत नाही.

सीमाभागात ही जबाबदारी बहुतांशी मालकावर येते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राची सक्ती परिवहन वाहनांना आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिची अशी नियतकालिक सरकारी तपासणी होत नाही. गणेशोत्सव, खंडेनवमी आणि दिवाळीच्या तोंडावर गॅरेजमध्ये गर्दी उसळते, आणि ‘शंभर किलोमीटर झाले की नट एकदा बघून घ्या’ हे मेस्त्रीचे वाक्य त्या गडबडीत राहून जाऊ शकते. ते बोलण्यावर न सोडता बिलावर लिहून द्यावे. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री आणि यंत्रभागांच्या उद्योगांमुळे टॉर्क पाना हाताळणारे कामगार या शहराला नवे नाहीत. तीच शिस्त छोट्या गॅरेजांनी आणि पंक्चरच्या दुकानांनी उचलणे अवघड नाही.

एखादा स्टड तुटलेला आढळल्यास उरलेल्या नटांवर गाडी दामटू नये. तुटलेल्या स्टडबरोबर त्याच्या शेजारचे स्टडही बदलावेत, कारण त्यांनी अधिकचा भार सोसलेला असतो, आणि भोके लांबट झालेली रिम पुन्हा वापरात घेऊ नये. नवे स्टड बसवल्यानंतर वरील अंतराची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.